बेटावरचा झिरा

१

सोजराबाईला पाणी पाजणं हे पुंजारामचं रोजचं काम, आणि त्या एका कामात त्याने एवढ्या लबाड्या केल्या होत्या की तेवढ्या भांडवलावर दुसरा कोणी आमदार झाला असता.

सकाळी चहाच्या आधी पेला घेऊन तो तिच्यापुढे बसायचा. कधी म्हणायचा, हे गंगेचं आहे, सुनेच्या माहेराहून आलंय. कधी म्हणायचा, डॉक्टरनं यात गोळी विरघळवलीय, सांडलं तर सून आपल्या दोघांना जिन्यात झोपवील. परवा तर त्याने मिशा पेल्यात बुडवून मांजरासारखं लपलप पिऊन दाखवलं. सोजरा हसली. पण हसणं म्हणजे पिणं नव्हे.

दोघं जालन्याकडची. गेल्या दिवाळीनंतर मुलाने, भाग्येशने, त्यांना बोईसरला आणलं. तो तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टवर. घर दुसऱ्या मजल्यावर, घरात नळ, नळाला फिल्टर, फिल्टरला निळा दिवा. जन्मभर जिने डोक्यावर पाणी वाहिलं, तिच्या पायाशी इथे पाणी आलं, आणि इथेच तिने पाणी सोडलं. उन्हाळा चढला तशी ती वाळवणातल्या मिरचीसारखी चिमत गेली. डॉक्टर म्हणाला, आठवडाभर बघू, नाहीतर ॲडमिट करून सलाइन लावू. मग तिचा हात उलटासुलटा करून स्वतःशीच पुटपुटला, "शीर सापडली पाहिजे फक्त." ते पुंजारामने ऐकलं. त्या दिवसापासून त्याचे विनोद जरा मोठ्या आवाजात होऊ लागले.

तहान नाही, असं सोजरा कधीच म्हणायची नाही. पेला पुढे केला की म्हणायची, "ठेवा तिथं. आधी ह्यांचं होऊ द्या."

आणि सोफ्यावर थोडी बाजूला सरकायची. कोणाला तरी जागा करून द्यावी तशी.

पुंजारामला वाटलं, सुनेबद्दल बोलतेय. पण सून तेव्हा न्हाणीघरात होती, आणि तिथून सिनेमातलं गाणं ऐकू येत होतं.

दुपारी ती स्वयंपाकघरात फिल्टरसमोर उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी, हनुवटी तळव्यावर. फिल्टर टिपटिप गळायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. शेजारी बघायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मान हलवायची.

'म्हातारपण,' पुंजाराम मनाशी म्हणाला. तोही तिच्याहून चार उन्हाळे थोरलाच होता, पण म्हातारपण हे नेहमी दुसऱ्याला येतं.

२

सून, उत्कर्षा, मोठी कामाची बाई. तिने फोनवर वाचलं की समुद्राच्या हवेने भूक-तहान वाढते. झालं. भाग्येशची शिफ्ट होती म्हणून तिने एकटीने दोघा म्हाताऱ्यांना रिक्षात कोंबलं आणि चिंचणी गाठली.

चिंचणीसमोर पाण्यात एक वाळूचं बेट आहे. मधे सुरूची दहा-पाच झाडं, ताडाच्या झापांची एक शेड, बाकी वाळूच वाळू. पूर्वी तिथे कावळेसुद्धा विचार करून जायचे. आता मे महिन्यात बोईसर, पालघर, कुठून कुठून माणसं येतात. तंबू ठोकतात, क्रिकेट खेळतात, शिंपले वेचतात, ताडगोळे खाऊन अंगावर सांडतात. एक रबराचं लांबलचक केळं आहे. त्यावर माणसांना बसवून होडीने ओढतात आणि मधेच पाण्यात पाडतात. पडलेली माणसं हसत वर येतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात. पुंजारामला ही करमणूक फार आवडली. "आमच्याकडं बैलगाडीतून फुकट पडत होतो," तो म्हणाला.

होडी दामूची. दामू कोळी. गुडघे गेल्यापासून मासेमारी मुलावर सोडून तो पाहुणे वाहतो.

"मासं बरं होतं, बाबा," तो पुंजारामला म्हणाला. "मासं बोलत नाय. ही मानसं लय बोलतात. आनी उलट्या पन करतात."

"मंग ह्यांना सुकवून इका."

"तुमाला सुकवायची गरजच नाय. तयार माल हाय."

पुंजाराम खूश झाला. इतक्या महिन्यांत त्याला बरोबरीचा माणूस भेटला होता.

हवा चांगली होती. ऊन डोक्यावर होतं, पण पश्चिमेचा खारा वारा असा की घाम फुटायच्या आत वाळायचा. उत्कर्षाने नाकापासून कानापर्यंत पांढरं मलम फासलं होतं. सोजराबाई होडीत मधोमध बसली होती, डोळे मिटून. चारी बाजूंना एवढं पाणी, तिने एकदाही बघितलं नाही.

३

दुपारपर्यंत समुद्र मागे गेला. थोडाथोडका नाही. सकाळी जिथे होडी लागली तिथे होडी वाळूवर कुशीवर निजली, आणि पलीकडे ओल्या राखाडी वाळूचं मैदान उघडं पडलं. रबरी केळंही तिथेच पडून राहिलं, लग्न मोडलेल्या नवऱ्यासारखं.

"आटला की ओ तुमचा समुद्र," पुंजाराम म्हणाला.

"आटला नाय, बाबा. सुकती लागली. संध्याकाळच्याला भरती येनार."

"ते तुमी पाव्हण्यांना सांगा. मे महिन्यात पाणी आटतंय, हे मला शिकवू नका. आमची दुधना नदी अशीच निजती. मंग आमी झिरा पाडतो."

दामूला झिरा ठाऊक नव्हता. पुंजारामने सांगितलं: कोरड्या नदीच्या वाळूत हाताने खड्डा करायचा. हात-दोन हात खाली गेलं की पाणी पाझरतं. गडी खड्डा पाडतात, बाया भोवती बसतात, वाटीवाटीने पाणी घागरीत भरतात. गावंच्या गावं त्यावर उन्हाळा काढतात.

"हितं निघंल ते खारट निघंल," दामू म्हणाला. "मिठागर हाय असं समजा."

"गोड निघालं तर?"

"तर माझी मिशी काढा."

"तुमाला मिशी कुठाय?"

"म्हनूनच तर बोललो."

एवढ्यावर पैज लागली. पुंजाराम धोतर खोचून उघड्या पडलेल्या वाळूत गेला आणि कुत्र्यासारखा उकरायला लागला. क्रिकेटवाली पोरं जमा झाली. "अंकल, खजाना है क्या?" एकाने विचारलं. "तेरी शादी का मुहूर्त ढूंढ रहा हूँ," पुंजारामने सांगितलं. बोईसरमध्ये राहून त्याला हिंदीतही चावता येऊ लागलं होतं.

कोपरापर्यंत हात गेला तेव्हा तळाशी ओल चमकली. मग पाणी आलं. गढूळ आधी, मग निवळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुंजारामने ओंजळ भरली, मिशांवर मोठा अभिनय करत तोंडाला लावली, आणि अभिनय तोंडातच राहिला.

पाणी गोड होतं. थंड होतं. त्याला लोखंडाची आणि वाळक्या बाभळीच्या शेंगेची पुसट चव होती. ती चव त्याने दिवाळीपासून घेतली नव्हती.

दामूने चाखलं. दोनदा चाखलं.

"असतं कंदी कंदी," पुंजारामच म्हणाला. "पावसाचं साचत असंल खाली."

"आमच्या वाडीतली हीर पन गोडी हाय," दामू तोंड पुसत म्हणाला. "पन ती भरतीच्या वर हाय, बाबा. ही जागा रोज दोनदा दर्यात बुडते."

मग पोरं पुन्हा क्रिकेट खेळायला गेली, कारण पोरांना कशाचंच फार वेळ नवल वाटत नाही.

४

सोजरा शेडमधून उठून एकटी चालत आली. इतके दिवस तिला संडासापर्यंत धरून न्यावं लागायचं.

ती झिऱ्याशी उकिडवी बसली. गुडघे पोटाशी, हनुवटी तळव्यावर. "बग, सोजरा," तो म्हणाला, "घरचं पाणी हाय. पी आता. तुझ्यासाठी समुद्र फोडला."

"कडंला व्हा," ती म्हणाली. आवाज तिचा जुना होता, खणखणीत. "गडीमाणसाचं काय काम हाय हितं? पाडला ना खड्डा? जावा."

तो हसत हसत कडेला झाला. नियमच होता तसा. उत्कर्षा फोनवर फोटो काढून गेली. "आण्णा, आई किती छान दिसतायत! मी जेवणाचं बघते, तुम्ही थांबा त्यांच्याजवळ." एकही फोटो नीट आला नाही म्हणून ती नंतर कुरकुरली. सगळ्यात म्हणे आईंचा चेहरा कशाने तरी झाकला गेला होता.

पुंजाराम थोड्या अंतरावर वाळूत बसला. सोजराने शेजारी पडलेली करवंटी घेतली, पाण्यात बुडवली, भरली, आणि उजवीकडे ओतली. वाळूवर नाही. वाळूच्या वर, घागरीचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर करवंटी नेऊन.

खाली वाळू कोरडीच राहिली.

उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येते, हे पुंजारामला ठाऊक होतं. त्याने डोळे चोळले. सोजराने पुन्हा भरली. पुन्हा ओतली. मग हात आखडून बसली, आणि झिऱ्यातलं पाणी आपोआप खाली गेलं. पाझरून वर आलं. पुन्हा खाली गेलं. वाटीवाटीने.

वाळूच पिते पाणी, त्यात काय.

मग त्याला गोल दिसले. झिऱ्याभोवती, ओल्या वाळूत, एकाशेजारी एक उमटलेले गोल. पोरांनी बादल्या उपड्या घालून किल्ले केले असतील. पण पोरांच्या बादल्या टीचभर. हे गोल घागरीच्या बुडाएवढे होते. आणि तो बघत असतानाच एका गोलाची कड जराशी पुढे आली. आवाजही झाला. भरल्या भांड्याचं बूड वाळूवरून सरकवलं की होतो तसा, खस्सकन.

"सरक की गं, चिमे," सोजरा शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाली. "सगळा झिरा तुझ्या बापाचा हाय का?"

आणि ऐकून घेतल्यासारखी थांबली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

चिमी गावाकडे त्यांच्या शेजारच्या घरातली. पुंजारामने तिच्या तिरडीला खांदा दिला होता.

त्याला भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर त्याआधी दुसरंच काही वाटलं. सोजरा किती दिवसांनी अशी हसत होती. तो गुपचूप बसून बघत राहिला, पूर्वी नदीच्या काठावरून बघायचा तसा.

५

शेडमधून दामूने शीळ घातली. भरती लागली होती.

दूरवर पाण्याची एक पांढरी रेघ दिसत होती. ती मधूनमधून जवळ दिसायची, पण सरकताना दिसायची नाही. क्रिकेटवाल्यांनी यष्ट्या उपटल्या. रबरी केळं हललं.

"सोजरा, चल. जेवण झालं सगळ्यांचं. तुझ्या वाटणीचा मासा दामूनं खाल्ला."

"नंबर यायचाय माझा."

"किती जणी हायत पुढं?" त्याने थट्टेतच विचारलं.

तिने वळून झिऱ्याभोवती नजर फिरवली. फिरवतच राहिली. "लई हायत," ती म्हणाली.

"घरी जाऊन पी. फिल्टरचं."

"आता उठले तर परत सगळ्यात मागं. सकाळधरनं बसलीय." मग हळूच म्हणाली, "सकाळधरनं न्हवं. लई दिसांपासनं बसलीय, आवं. तुमाला दिसतच न्हवतं."

पाण्याची पहिली पातळ चादर येऊन त्याच्या टाचांना लागली. कोमट होती. ती झिऱ्यापर्यंत गेली, भोवतीने वळली, आणि आत न शिरता मागे गेली. सोजराची बोटं मात्र पाण्यात होती.

पुंजारामने तिच्या काखेत हात घातले. गेले काही महिने तो तिला सहज उचलत होता. तिचं वजन एका गोधडीएवढं उरलं होतं. आता ती जागची हलेना. तोंडापर्यंत भरलेली घागर एकट्याने उचलायला जावं तसे त्याचे दंड थरथरले.

"आण्णा, या ना!" शेडकडून उत्कर्षा ओरडली. तिला इथलं काही दिसत नव्हतं. दोन म्हातारी माणसं पाण्यात खेळतायत, एवढंच.

"बाबा, मस्करी पुरं! पानी चढतंय!" दामू गुडघे धरत उतरायला लागला होता.

दुसरी लाट घोट्यावर आली. सोजराचं लुगडं भिजून काळं झालं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत हट्ट नव्हता. तिलाही उठायचं होतं. पण रांग मोडायची नाही, एवढं एकच तिला आयुष्यभर पक्कं शिकवलं होतं. नवऱ्यासाठी नाही, देवासाठी नाही, आणि समुद्रासाठी तर नाहीच.

"मला लई तहान लागलीय," ती म्हणाली.

६

झिऱ्यावर बाया भांडतात. एकमेकींच्या झिंज्या उपटतात, सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण घरी पोर रडत असलं, भाकरी करपत असली, तर बाई उठते आणि आपल्या जागी वस्तू ठेवून जाते. दगड, चुंबळ, पायातली चप्पल, काहीही. ती वस्तू म्हणजे ती बाई. तिला कोणी मागे सारत नाही. नंबर सरकला की बाकीच्याच ती पुढे सरकवतात. आणि जिची वस्तू, तिने परत यायचंच असतं.

पुंजारामने खाली वाकून आधी सोजराच्या पायातली चप्पल धरली. मग सोडून दिली.

त्याने आपली काढली. डाव्या पायाची. तिला अंगठ्याला तारेचा टाका होता.

"बायांनो," तो म्हणाला. मोकळ्या वाळूशी बोलताना माणूस किती मूर्ख दिसतो हे त्याला माहीत होतं, आणि आयुष्यभर त्याने मूर्ख दिसण्याचाच धंदा केला होता, तरी आवाज कापला. "हिला घरी जायचंय. हिच्या जागंवर माझी चप्पल ठेवतो. गडीमाणसाची हाय, पर चालवून घ्या. मी हिचा नवरा. माझं पाणी, हिचं पाणी एकच."

वारा थांबला होता. लाट येऊन गेली, आणि ती जाताना झिऱ्याच्या पलीकडून एक आवाज आला. खस्स. मग त्याच्या शेजारी. खस्स. मग अलीकडे, आणखी अलीकडे, गोलाने फिरत, जशा बसलेल्या बाया एकीमागून एक आपापली भांडी जवळ ओढून एकाच्या बसण्यापुरती जागा करतात.

त्याने चप्पल वाळूत ठेवली. नीट, तोंड झिऱ्याकडे.

सोजरा गोधडीएवढी हलकी झाली. त्याने तिला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला, एक पाय चपलेत, एक उघडा. अर्ध्यात दामू भेटला. दोघांनी मिळून तिला वर आणलं.

"काय करत व्हता तिथं?" दामू धापा टाकत म्हणाला.

"नंबर लावत व्हतो," पुंजाराम म्हणाला. दामू हसला. या म्हाताऱ्याचं सगळंच बोलणं हसण्यावारी न्यायचं असतं, हे त्याला एका दिवसात कळलं होतं.

सुरूच्या झाडाखाली उभं राहून पुंजारामने मागे बघितलं. बघू नये असं वाटत असतानाच बघितलं. एक लाट झिऱ्यापलीकडून येत होती, दुसरी परत फिरली होती, आणि दोघींच्या मधे तेवढी वाळू क्षणभर उघडी पडली.

गोल सगळे होते. फार होते. पार पाण्याखाली जाईपर्यंत होते.

त्याची चप्पल त्याने ठेवली तिथे नव्हती. एक जागा पुढे होती. नीट ठेवलेली, तोंड झिऱ्याकडे.

मग पाणी आलं.

७

होडीत उत्कर्षाने बाटली पुढे केली आणि सोजराने ती हिसकावून घेतली. गटागटा प्यायली. लुगड्यावर सांडलं, हनुवटीवरून ओघळलं, तरी थांबली नाही. बाटली रिकामी झाली तेव्हा म्हणाली, "कसलं बेचव पाणी हाय गं तुमचं." आणि दुसरी मागितली.

उत्कर्षा रडायला लागली. पांढरं मलम डोळ्यांत गेलं म्हणून रडतेय, असं तिने सांगितलं. तिने भाग्येशला फोन लावला, रेंज नव्हती, तरी बोलत राहिली.

"बगितलं? समुद्राची हवा," पुंजाराम म्हणाला. "सून हुशार हाय. माझ्यावर गेलीय."

"तुमची चप्पल कुठंय?" सोजराने विचारलं.

"गेली वाहून."

"वेंधळं ध्यान," ती म्हणाली. दिवाळीपासून तिने त्याला शिवी दिली नव्हती. पुंजारामला इतकं बरं वाटलं की त्याने तोंड फिरवून समुद्राकडे केलं.

ऊन उतरलं होतं. बेटावर आता सुरूची झाडं आणि शेड तेवढी उरली होती. सुकाणूवरून दामू म्हणाला, "काय काळजी करू नका, बाबा. उद्या सुकतीला मी येनारच हाय पाव्हने घेऊन. गावली तर उचलून ठेवतो तुमची चप्पल."

"हात लावायचा नाही तिला!"

दिवसभरात म्हाताऱ्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. क्रिकेटवाल्या पोरांनीसुद्धा मागे वळून बघितलं.

पुंजारामने मिशा पुसल्या. हसायला बघितलं.

"ऱ्हाऊ दे, दामू," तो हळू म्हणाला. "जागेवर हाय ती."

सोजराच्या हातातली बाटली तोंडाजवळ थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. मग बेटाकडे, त्याच्या अलीकडच्या सपाट पाण्याकडे. बराच वेळ बघितलं. बाटलीतलं उरलेलं पाणी तिने त्याच्या तोंडाला लावलं, पोराला पाजावं तसं, एका हाताने मान धरून. तो प्यायला.

मग तिने आपला चपलेसकट पाय उचलला आणि त्याच्या उघड्या डाव्या पायावर ठेवला. वाऱ्याने काही उडून जाऊ नये म्हणून वर दगड ठेवतात, तसा दाबून ठेवला. होडी चिंचणीला लागली, पोरं उड्या मारून उतरली, उत्कर्षा आई आई करत हात पुढे करून उभी राहिली, तरी तिने तो काढला नाही.